तगर आणि तेर : एका अनुमानाची परीक्षा

नैयायिक पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करितो, कारण अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं. इतिहाससंशोधकाच्या हेतूंस अशी निरपवाद व्याप्ति क्वचितच लाभते. मग त्याचीं अनुमानें कोणत्या बळावर उभीं राहतात ? धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवाचें उदाहरण या दृष्टीनें तपासण्याजोगें आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें सांगितलें आहे. हें तगर कोणतें ? विल्फर्डनें देवगिरि, भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर, तर डॉ. भांडारकरांनीं धारूर सुचविलें. पैकीं देवगिरि पैठणच्या उत्तरेस व जुन्नर पश्चिमेस. म्हणजे हे दोन्ही पक्ष मूळ साक्षीनेंच बाधित होतात. धारूर दिशेनें चालेल. पण अंतर तोकडें पडतें, आणि ‘तगर’चें ‘धारूर’ कसें झालें हें उलगडत नाहीं.

फ्लीटनें १९०१ मध्यें तेरचा पक्ष मांडला. तगर, तयर, तेर हा क्रम नगर, नयर, नेर याच्यासारखाच असून अमळनेर, पिंपळनेर हे दृष्टांत आपल्या परिचयाचे आहेत. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल. म्हणजे दिवसास ११ व दहा दिवसांस ११०. तेर पैठणपासून सुमारें ९५ मैलांवर आहे. मात्र तें पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडेच अधिक आहे. ही अडचण झांकून ठेवूं नये. नुसतें नामसाम्य किंवा नुसतें अंतर हे हेतु सव्यभिचारच होत. परंतु परस्परांवर अवलंबून नसलेले हे दोन हेतु एकाच गांवीं येऊन मिळतात, आणि पुढें उत्खननांत तेथें सातवाहनकालीन अवशेषही निघाले. शिलाहारांच्या ‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदास मी या वादांत पुरावा मानीत नाहीं. त्यावरून त्या कुळाचा अभिमान कळतो, तगराचें स्थळ नव्हे.

याच कसोटीस दुसरें एक अनुमान उतरत नाहीं. इटलींतील पॉम्पेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ मध्यें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति तेरच्या मूर्तीसारखी दिसते, म्हणून ती तेरहूनच गेली, असें कांहीं उत्साही मंडळी म्हणतात. परंतु तशा घडणीची मूर्ति भोकरदनच्या उत्खननांतही निघाली आहे. शिवाय पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलें असून ती लिपि वायव्येकडील होय. साम्यावरून व्यापाराचा संबंध म्हणतां येईल. कारागिराचें गांव सांगतां येणार नाहीं. ज्यांच्या पुष्पिकेंत स्थळ नाहीं अशा पोथ्यांचीं गांवें आपण केवळ अक्षराच्या वळणावरून ठरवितों, तेथेंही हाच प्रश्न उभा आहे.