विंचवाच्या विषाचा माग काढणारे डॉक्टर

पैठणच्या एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड आपण सगळ्यांनीच ऐकलंय. सोंग आलं की पोट धरून हसतोही. पण विंचू चावल्यावर अंगाला घाम सुटतो, ही गोष्ट नाथांनी त्यात बरोबर टिपलीय. त्या घामाचा नेमका अर्थ लावला तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका डॉक्टरांनी, नाथांनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. आज त्यांचीच गोष्ट ऐकू या.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा. गाव देहेड, तालुका भोकरदन, आताचा जालना जिल्हा. म्हणजे आपल्या परभणीच्या शेजारचेच. घर शेतकऱ्याचं. नागपूरला डॉक्टरकी शिकून १९७६ साली ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले.

त्या भागात लाल विंचू फार. चावलेली धडधाकट माणसं, लहान लेकरं दवाखान्यात यायची. थोड्या वेळानं धाप लागायची, तोंडाला फेस यायचा आणि माणूस हातचा जायचा. नेमका इलाज पुस्तकांतही सापडत नव्हता. बावस्कर रोग्याच्या खाटेशी तासन्‌तास बसले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारवा, सगळं वेळेसकट लिहून ठेवू लागले. मोठी प्रयोगशाळा नव्हती. डोळे, कान आणि वही, एवढ्यावरच काम चाललं.

त्यातून एक मोठी गोष्ट हाती लागली. आपल्याला वाटतं, जास्त ठणका म्हणजे जास्त धोका. पण ज्याला नुसताच ठणका आहे, तो रोगी बहुधा वाचतो. ज्याला वेदना कमी, पण दरदरून घाम येतो, उलट्या होतात, लाळ गळते, हातपाय गार पडतात, त्याचा जीव धोक्यात असतो. ही आधीची लक्षणं त्यांनी १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात मांडली.

असं का होतं? माणूस फार घाबरला की शरीरात काही द्रव्यं सुटतात आणि छाती धडधडते. लाल विंचवाच्या विषानं त्या द्रव्यांचा जणू पूरच येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं.

मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? आधी त्यांनी सलाईनमधून द्यायचं एक औषध वापरून पाहिलं. गुण आला, पण त्याला सतत पहारा लागतो, आणि खेड्यातल्या दवाखान्यात तेवढी सोय कुठली? मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी दिली. रोगी सावरू लागले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही माहिती छापून आली, तेव्हा दोन नावं होती: हिंमतराव बावस्कर आणि प्रमोदिनी बावस्कर. प्रमोदिनीताई त्यांच्या पत्नी, स्वतः डॉक्टर आणि या कामातल्या बरोबरीच्या भागीदार.

गोळी येण्याआधी विष अंगात भिनलेल्या शंभर रोग्यांमागे पंचवीस-तीस दगावायचे. वेळेवर गोळी मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पुढे मुंबईच्या हाफकिनची विंचवाच्या विषावरची लसही आली. २०११ साली बावस्करांनी ७० रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या गोळीनं बरं व्हायला सरासरी अठरा तासांच्या आसपास लागत होते, तर गोळी आणि लस दोन्ही दिल्यावर आठ. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, पऱ्हाट्यांचा ढीग उचलायला, गोवऱ्या काढायला, सरपण ओढायला हात घालतो कोण? आपणच. म्हणून हे ज्ञान आधी आपल्याकडे हवं. ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. विंचू चावला तर विष उतरवण्याच्या नादात तास घालवू नका. चावल्या जागी कापू नका, करकचून बांधू नका. लगेच दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. ठणका कमी आहे म्हणून लेकराला घरी झोपवू नका. गोळी मात्र डॉक्टरांच्याच हातून घ्यायची. ती घेतल्यावर रोग्याला झोपवूनच ठेवायचं, कारण उठला तर चक्कर येऊन पडू शकतो.

आणि वाटेत आणखी एक करा. विंचू किती वाजता चावला, घाम कधी सुटला, उलट्या किती झाल्या, हे ध्यानात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. बिरवाडीच्या दवाखान्यात बावस्कर हेच तर वहीत टिपत होते.