खारपाणपट्ट्यातील पिण्याचे पाणी आणि आरोग्य

खारपाणपट्टा हा वऱ्हाडातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला प्रदेश असून येथील भूजल नैसर्गिकरीत्या खारे आहे. पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि रक्तदाब, गरोदरपण व मूत्रपिंडांचे आरोग्य यांचा संबंध हा या भागातील सार्वजनिक आरोग्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

भूजलाचे स्वरूप

पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते व पुढे तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर असून पाण्याचा निचरा मंद आहे. त्यामुळे क्षार साठून राहतात. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर इत्यादी तालुक्यांतील अनेक गावांत विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी मचूळ किंवा खारट लागते. पाणी जडही असल्यास डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो.

भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घनपदार्थ (टीडीएस) प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ही मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

आरोग्यावरील परिणाम

रक्तदाब : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. पाण्यातून मिळणारे सोडियम या हिशेबात सहसा धरले जात नाही. उदाहरणार्थ, प्रतिलिटर ४०० मिलिग्रॅम सोडियम असलेले पाणी उन्हाळ्यात दिवसाला ४ लिटर प्यायल्यास सुमारे ४ ग्रॅम मिठाएवढे सोडियम शरीरात जाते.

गरोदरपण : बांगलादेशातील दाकोप या किनारी भागातील अभ्यासात (२०११) पाणी अधिक खारट होणाऱ्या कोरड्या ऋतूत गरोदर स्त्रियांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक आढळले. मात्र त्याच देशातील २०१९ च्या अभ्यासात कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या सौम्य खाऱ्या पाण्याचा संबंध कमी रक्तदाबाशी दिसून आला. त्यामुळे केवळ टीडीएसच्या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही; पाण्यात कोणते क्षार आहेत हे महत्त्वाचे ठरते.

मूत्रपिंडे : मूत्रपिंडाच्या विकारांचा दोष या भागात बहुधा खाऱ्या पाण्याला दिला जातो. तथापि मधुमेह व उच्च रक्तदाब ही या विकारांची प्रमुख कारणे असून वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घकाळ वापरानेही मूत्रपिंडांना हानी पोहोचते. सर्व दोष पाण्यावर टाकल्यास ही कारणे तपासायची राहून जातात. मूतखड्याच्या बाबतीत कमी पाणी पिणे हा मोठा धोका आहे. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला. चव नको म्हणून पाणी कमी पिणे उन्हाळ्यात म्हणूनच अपायकारक ठरते.

शुद्धीकरणाच्या पद्धती

जंतू नष्ट करणे व क्षार काढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

• उकळणे : जंतू मरतात, पण सोडियम व नायट्रेट कमी होत नाहीत; पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते.
• तुरटी : गढूळपणा खाली बसतो, खारेपणा जात नाही.
• क्लोरिन : जंतुनाशक आहे; क्षारांवर परिणाम होत नाही.
• आरओ : क्षार कमी होतात, मात्र कॅल्शियम व मॅग्नेशियमही निघून जातात. उरलेले अधिक खारे पाणी विहिरीजवळ सोडू नये.
• पावसाचे पाणी : यात क्षार अल्प असतात. छतावरील पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे आणि साठवलेले पाणी पिण्यापूर्वी निर्जंतुक करावे.

खबरदारी

पाण्याच्या तपासणीत टीडीएससोबत सोडियम, नायट्रेट व फ्लोराइड यांचे प्रमाण पाहावे. नायट्रेट अधिक असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळू नये. गरोदर स्त्रिया व रक्तदाबाचे रुग्ण यांना घरातील गोडे पाणी आधी द्यावे. लोणची, पापड व वरून घेतलेले मीठ कमी करावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये; पाणी किती प्यावे हेही डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार सुरुवातीला बहुधा लक्षणांशिवाय वाढतो. त्यामुळे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन नियमित तपासावे.

पाणीपुरवठा

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वान (हनुमान सागर) व शहानूर या धरणांतून खारपाणपट्ट्यातील अनेक गावांना नळयोजनांद्वारे गोडे पाणी पुरवले जाते. पुरवठा काही दिवसांच्या अंतराने होत असेल, तर पाण्याची साठवण करावी लागते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढत असल्याने भांडी झाकून ठेवावीत व आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत.

हेही पाहा

पूर्णा नदी · वऱ्हाड · उच्च रक्तदाब · मूतखडा