लक्ष्मण देशपांडे आणि मराठवाडी बोलीची रंगभूमी

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभार व उच्च शिक्षण उर्दूतून चालत असल्यामुळे मुंबई-पुण्यात बहरलेल्या व्यावसायिक मराठी रंगभूमीपासून हा प्रदेश दीर्घकाळ दूर राहिला. तथापि एकाच कलावंताने अनेक सोंगे उभी करण्याची परंपरा येथे जुनी होती. पैठणच्या संत एकनाथांची भारुडे, म्हणजे लोकजीवनातील पात्रांच्या मुखातून परमार्थ सांगणारी नाट्यमय पदे, हे तिचे ठळक उदाहरण होय. 1958 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्याच्या नाट्यशास्त्र विभागामुळे खेड्यापाड्यांतील तरुणांना अभिनयाचे पद्धतशीर शिक्षण आपल्याच प्रदेशात मिळू लागले.

या विभागात अध्यापन करणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग, म्हणजे एकाच नटाने सादर करावयाचे संपूर्ण नाटक, रंगमंचावर आणला. लेखन आणि सादरीकरण दोन्ही त्यांचेच होते. लग्नासाठी विमानाने लंडनला निघालेल्या खेडूत मंडळींच्या या कथेत ते सुमारे तीन तासांत 52 व्यक्तिरेखा साकारत, आणि प्रत्येकीचे वेगळेपण वेशभूषा न बदलता केवळ आवाज, हेल व देहबोली यांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवत. या प्रयोगाची गिनीज बुकातही नोंद झाली.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने 1961 पासून एकपात्री प्रयोगाला शहरी प्रेक्षक मिळवून दिला होता, लक्ष्मण देशपांडे यांनी त्याच्या केंद्रस्थानी मराठवाड्याची बोली आणली. इटलीचे नट आणि नाटककार दारिओ फो यांनी 1969 मध्ये ‘मिस्तेरो बुफो’ या एकपात्री प्रयोगात उत्तर इटलीच्या बोलींना असाच मान दिला होता, आणि 1997 मध्ये ते साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

2009 मध्ये लक्ष्मण देशपांडे यांचे निधन झाल्यानंतर संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’चे प्रयोग पुढे चालू ठेवले. याच नाट्यशास्त्र विभागात शिकलेल्या मकरंद अनासपुरे यांनी ‘कायद्याचं बोला’ (2005) आणि ‘गाढवाचं लग्न’ (2007) यांसारख्या चित्रपटांतून मराठवाडी उच्चार नायकाच्या मुखी रुजवला. पूर्वी गावाकडच्या बोलीच्या वाट्याला बहुधा गडी-नोकरांच्या दुय्यम भूमिका येत. तीच बोली माणसांचे आनंद, भय आणि स्वाभिमान समर्थपणे पेलू शकते, हे या कलावंतांनी सिद्ध केले, आणि मराठी रंगभूमीला मराठवाड्याने दिलेले हे मोठे योगदान आहे.