हवा कोणाला दिसते? एका भोकाचा इतिहास

इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय. आज ना राजा, ना लढाई. आजचा इतिहास एका भोकाचा आहे. टाचणीच्या टोकाहून बारीक असलेलं हे भोक आमच्या आजीच्या गादीत होतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्यात पारा ४५ च्या पुढे. अर्धांगवायूमुळे आजी अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्यासाठी एअर बेड, म्हणजे हवेची गादी आणली होती. छोटा पंप गादीच्या कप्प्यांमध्ये आळीपाळीने हवा भरतो, त्यामुळे अंगाचा भार सतत एकाच जागी राहत नाही. एका पहाटे बघतो तर पंप घुरघुरतोय, पण गादी बसलेली आणि आजीची कंबर थेट पलंगाला टेकलेली. पाठीवर लाल चट्टा.

हे साधं वाटतं, पण नाही. सतत दाब पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. आजीला त्या बाजूची संवेदनाच नव्हती. दुखतंय हे ती सांगणार तरी कशी?

गादीवर हात फिरवला, कान लावला, काही कळेना. शेवटी आजीला साध्या गादीवर घेतलं. आई दर दोन तासांनी तिची कूस बदलत बसली आणि मी एअर बेड गुंडाळून सेवाग्राम रोडवरच्या सायकल पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. काका हसले. म्हणाले, "हवा कोनाले दिसते का बाप्पा? पाण्याले इचार ना!"

काका घमेलं भरेपर्यंत आपण जरा मागे जाऊ. आजीसारख्याच एका पेशंटपर्यंत.

१८३२ साल. नील आर्नॉट नावाचा स्कॉटिश डॉक्टर. बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेल्या एका बाईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. आर्नॉटने पाण्याने भरलेल्या हौदावर रबर लावलेलं कापड सैलसर अंथरलं आणि त्यावर पातळ गादी टाकून तिला झोपवलं. अंगाचा भार सगळीकडे सारखा वाटला गेला. या कल्पनेचं पेटंटही त्याने घेतलं नाही. ज्याला हवं त्याने बनवावं! आपल्या एअर बेडची ही पणजी म्हणा.

पण हे कापड आलं कुठून? १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंतॉशने दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेलं रबर भरून पाणी न झिरपणारं कापड बनवलं होतं. अडचण एवढीच, की कच्चं रबर थंडीत कडक होतं आणि उन्हात चिकट. वर्ध्याच्या मे महिन्यात तर त्याचा चिकच झाला असता. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधकासोबत रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर खऱ्या अर्थाने टिकाऊ झालं. गुडइयर स्वतः मात्र कर्जात बुडून १८६० मध्ये गेला.

आता टिकाऊ रबर आलं म्हटल्यावर त्यात हवा कोंडणं आलंच. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते चाललं नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना सायकलला लावली आणि जग पळायला लागलं. आणि पंक्चर व्हायला लागलं! सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असायचे. भोक शोधायचं तर सगळं सोलून काढा, पुन्हा चिकटवा, रात्रभर वाळू द्या. फ्रान्सच्या मिशलॅं बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने त्या टायरवर जिंकली. ट्यूब अशी हातात आल्यावर ती पाण्यात बुडवणं सोपं झालं. काकांच्या दुकानाचा जन्म खरं तर इथला.

तर, काकांकडे परत. गादी काही घमेल्यात मावेना. त्यांनी पंपाच्या नळ्या दुमडून जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळल्या. हवा भरली. आधी तोंडाशी, जिथे नळी जोडलेली असते तिथे, साबणाचं पाणी लावलं. ट्यूबच्या वॉल्वलाही ते आधी थुंकी लावून बघतात; चोर बहुतेक वेळा दारातच असतो म्हणे. मग फडक्याने शिवणी आणि कोपरे फेसाळ केले, एकेक वीत पुढे सरकत. नुसत्या पाण्याचा थेंब ओघळून जातो. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, पातळ पडदा टिकतो आणि बारीकशी हवाही त्याला फुगवते. गॅस सिलेंडरच्या रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावतात ते ह्याच हिशोबाने. तिथे काडी पेटवून बघायची नसते, हे लक्षात ठेवा!

तिसऱ्या कप्प्याच्या शिवणीजवळ बुडबुड्यांची छोटी माळ उमटली. काकांनी पेनाने गोल केला. पण ट्यूबचं सोल्युशन लावू दिलं नाही. ते रबरासाठी, ही गादी पीव्हीसीची, तिला व्हिनाइलचा पॅच आणि त्याचाच गोंद लागतो. जागा पुसून कोरडी करायची, पॅच दाबायचा, रात्रभर हात लावायचा नाही.

घरी करणार असाल तर आणखी तीन गोष्टी. पंपाचा प्लग आधी काढा. काही गादींना पेशंटच्या अंगाला वारा लागावा म्हणून कारखान्यातच बारीक भोकं पाडलेली असतात, म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय पॅच मारू नका. आणि पाहुण्यांसाठी फुगवलेली साधी गादी सकाळी सैल दिसली म्हणजे भोक असेलच असं नाही. दुपारच्या ४५ अंशांची हवा पहाटे २८ वर आली की जवळजवळ पाच टक्के आक्रसते.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा एअर बेडवर गेली. चट्टा ओसरायला आठवडा लागला, पण जखम झाली नाही.

वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. गावातल्या कारागिरीला मान मिळावा म्हणून गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. चरखा, घाणी यांच्या पंगतीत पंक्चरवाल्याचं घमेलंही बसावं, असं मला वाटतं. आता ट्यूबलेस टायर वाढले, काकांकडे गिऱ्हाईक कमी येतं. तुमच्या गल्लीत असे काका असतील तर सायकल असो, गादी असो, एकदा त्यांच्याशेजारी बसून बघा. पैसे विचारले तर आमचे काका म्हणाले, "आजीले बरं वाटू दे, मग पाहू."

मी ते दिले, हे वेगळं सांगायला नको. भेटू पुढच्या भागात!