सॉफ्ट फोटॉनची कुळकथा

इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून वळला की प्रकाश सांडतो. किती सांडतो, हे क्वांटम गणिताने काढताना १९३०च्या दशकात एक पेच पडला. फोटॉनची ऊर्जा शून्याकडे जाते तशी तो बाहेर पडण्याची संभाव्यता वाढत जाते आणि बेरीज अनंत येते. १९३७ साली फेलिक्स ब्लॉख आणि अर्नोल्ड नॉर्डसिक यांनी हा पेच सोडवला. एकही फोटॉन न सांडता इलेक्ट्रॉन वळणे ही घटना मुळात घडतच नाही, असे त्यांनी दाखवले. ठरावीक ऊर्जेखालचे फोटॉन कोणतेच उपकरण टिपू शकत नाही. तेही सारे हिशेबात धरले की उत्तर मर्यादित येते. हेच ‘सॉफ्ट’ फोटॉन.

या हिशेबाच्या पोटात एक सूत्र होते. टकरीतल्या प्रत्येक कणाचा विद्युतभार आणि संवेग घ्यायचा, सॉफ्ट फोटॉनच्या ऊर्जेने भागायचे आणि बेरीज करायची. ज्या संख्येच्या वर्गातून संभाव्यता मिळते तिला अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणतात. मूळ टकरीच्या अ‍ॅम्प्लिट्यूडला या बेरजेने गुणले की एका सॉफ्ट फोटॉनसह होणाऱ्या टकरीचे उत्तर मिळते. १९५८ साली फ्रान्सिस लो यांनी दाखवले की या सूत्राची पुढची पायरीसुद्धा टकरीचा आतला तपशील माहीत नसताना ठरते. सॉफ्ट फोटॉनची तरंगलांबी टकरीच्या जागेपेक्षा अफाट मोठी असते. कोण आत आले आणि कोण बाहेर गेले, एवढेच तिला कळते.

स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९६४-६५मध्ये प्रश्नच उलटा केला: हे सूत्र सुसंगत राहायचे तर निसर्गाने काय पाळले पाहिजे? फोटॉनच्या ध्रुवीकरणाच्या वर्णनात एक निरर्थक भाग असतो. तो बदलला तरी उत्तर बदलता कामा नये, ही गेज सिद्धांताची अट. ती सॉफ्ट सूत्राला लावली की विद्युतभाराची अक्षय्यता हाती येते. तीच अट गुरुत्वाच्या कणाला, ग्रॅव्हिटॉनला, लावली की सर्व कणांशी गुरुत्व एकाच जोराने जोडलेले असलेच पाहिजे असे निघते. निर्वातात पीस आणि लोखंडाचा गोळा बरोबरीने का पडतात, याचे उत्तर इथे दडले होते. दोनपेक्षा जास्त स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) असलेल्या वस्तुमानरहित कणाला तर दूरवर पोचणारे बल निर्माण करताच येत नाही. इतक्या छोट्या सूत्रातून इतके निघावे, याहून सुंदर गोष्ट मला भौतिकशास्त्रात क्वचितच दिसते.

पुढची पिढी ग्लुऑनची, म्हणजे तीव्र अणुकेंद्रीय बल वाहणाऱ्या कणाची. ग्लुऑन स्वतःच त्या बलाचा भार, ‘रंगभार’, बाळगतो. अ‍ॅम्प्लिट्यूड रंगांच्या क्रमाने मांडला तर सॉफ्ट ग्लुऑनला पहिल्या पायरीत फक्त आपले दोन शेजारी दिसतात. स्ट्रिंग सिद्धांतात तारेच्या कंपनांतून जड कणांची न संपणारी रांग उभी राहते, पण या पहिल्या पायरीत तिचा मागमूस नसतो. ऊर्जेने भागलेले पद येण्यासाठी मधल्या कणाचे वस्तुमान बाहेरच्या कणाइतकेच असावे लागते. त्यामुळे बिंदूसारख्या कणांचे सूत्र तारांनाही जसेच्या तसे लागू पडते.

२०१३पासून अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्याचे दोन जुने आप्त शोधून काढले. एक होती १९६२ साली बाँडी, मेट्झनर, साक्स आदींना सापडलेली, अनंत अंतरावरच्या अवकाशकालाची सममिती. दुसरे, गुरुत्वीय लहर निघून गेल्यावर मागे उरणारे कायमचे विस्थापन. ही दोन्ही आणि वाइनबर्ग यांचे सूत्र एकाच आशयाची तीन रूपे ठरली.

या वंशात भारतीय शाखाही ठसठशीत आहे. अशोक सेन, आलोक लड्ढा आणि बिस्वजित साहू यांनी दाखवले की आपल्या चार मितींच्या विश्वात, दूरवर पोचणाऱ्या बलांमुळे, सूत्राच्या दुसऱ्या पायरीत ऊर्जेच्या लॉगॅरिदमचे पद येते. त्यातून मोजता येण्याजोगे भाकीत निघते: स्फोटानंतर गुरुत्वीय लहरीची शेपटी काळाच्या व्यस्त प्रमाणात विरत जाईल. स्फोट आतून कसा झाला हे ती सांगणार नाही; तिचे माप ठरेल ते आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या वस्तूंच्या वस्तुमानांवर व वेगांवर. आजच्या वेधशाळांनी ही शेपटी अजून टिपलेली नाही.