७८ मिनिटे आणि एक फाईल

(सर्व वेळा भारतीय)

२८ फेब्रुवारी २०२४ : क्राउडस्ट्राइकच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ आवृत्ती बाहेर पडते. तिच्यातल्या एका नव्या तपासणीच्या व्याख्येत २१ रकाने आहेत, कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवतो. एकविसाव्यात ‘काहीही चालेल’ असेच लिहिले जात असल्याने चूक दडून राहते.

१९ जुलै, सकाळी ९.३९ : २९१ क्रमांकाची नवी चॅनेल फाईल (काय तपासायचे हे फाल्कनला सांगणारी फाईल) जगभर एकाच वेळी सुटते. या वेळी एकविसावा रकाना खरोखर तपासायचा आहे. फाल्कन विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात चालतो. तिथे त्याने हद्दीबाहेरची मेमरी वाचली की अख्खे मशीन कोसळते. निळी स्क्रीन, रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन.

१०.५७ : फाईल मागे घेतली जाते. पण दुरुस्त फाईल उतरवून घ्यायला मशीन आधी सुरू व्हावे लागते, आणि नेमके तेच होत नाही.

दुपार : ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचे थेट प्रक्षेपण बंद. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जातात.

३.१५ च्या सुमारास : हा सायबर हल्ला नाही, असे क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ जाहीर करतात.

संध्याकाळ, रात्र : समोरचे मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाईल पुसता येते. पण क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनला सेफ मोडसाठी कीबोर्ड कुठला? काही मशीन १५ वेळा रीस्टार्ट केल्यावर सावरतात. उरलेल्यांसाठी एक वाट : मशीन थांबवा, सिस्टिम डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, डिस्क सोडवून धडधाकट मशीनला जोडा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाईल पुसा, डिस्क परत जोडा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ती बंद पडलेल्या सर्व्हरवरच असेल तर आणखी खोळंबा.

२० जुलै : मायक्रोसॉफ्टचा अंदाज : ८५ लाख मशीन बाधित, विंडोजच्या एकूण मशीनपैकी एक टक्क्याहूनही कमी.

२९ जुलै : विंडोज मशीनवरचे फाल्कनचे सुमारे ९९ टक्के सेन्सर पुन्हा चालू.

फाईल पुसायला काही क्षण पुरतात. दहा दिवस लागले ते प्रत्येक मशीनपर्यंत माणूस पोचवायला. त्या रात्री जागलेल्या तंत्रज्ञांचे ऋण फेडायचे, तर कर्नलमध्ये शिरणारे प्रत्येक अपडेट आधी मोजक्या मशीनवर पारखून टप्प्याटप्प्याने सोडायला हवे. आणि डिस्क सोडवून दुरुस्त करण्याची तालीम, रिकव्हरी की शोधण्यासकट, सगळे सुरळीत चालू असतानाच करून ठेवायला हवी.