कार्डावरून कार्डाला

बुलढाणा जिल्ह्यात आजही एखाद्या घरी प्लेस्टेशन टू चालू असेल, तर त्यात तबकडी फिरत असण्याची शक्यता कमीच. पुढच्या खाचेत ८ एमबीचं मेमरी कार्ड असेल, शेजारी पेन ड्राइव्ह खोचलेला असेल आणि टीव्हीवर ओपन पीएस टू लोडर, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडचं ओपीएल, खेळांची यादी दाखवत असेल. या यादीचं कूळ शोधायचं तर पीएस टूच्याही मागे, पिवळ्या-लाल कॅसेटींच्या काळात जावं लागतं.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पोचल्या त्या त्याच्याच जातीच्या मशिनी: मीडिया, समुराई, लिटल मास्टर. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. बटण दाबलं की समुद्र, नारळाची झाडं, उडणारे पक्षी, संथ सूर आणि समोर आकड्यांची लांबलचक यादी. खरे खेळ त्यात मोजकेच; तोच खेळ वेगळ्या पातळीपासून सुरू करून त्याला नवा आकडा दिलेला असायचा. ग्राहकाची ती फसवणूक होती, यात वाद नाही. पण त्या यादीमागे एक छोटा, स्वतंत्र प्रोग्रॅम होता. खेळणाऱ्यानं निवडलेला आकडा तो घ्यायचा, कॅसेटमधल्या स्मृतीचा हवा तो भाग पुढे आणायचा आणि ताबा खेळाकडे देऊन बाजूला व्हायचा. लाँचरचं काम नेमकं हेच. लाँचर हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलांनी तो वापरला होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएस टू ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये आलं आणि जगभर साडेपंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. भारतात त्याची म्हातारपणाची वर्षंच जास्त भरात होती. प्लेस्टेशन थ्री २००६ सालीच बाजारात आलं होतं, तरी हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ साली पीएस टूसाठी निघाला आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० साली. तालुक्याच्या गावांत तासावर खेळायला देणारी पार्लरं होती. डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती, सॅन अँड्रियास, क्रिकेट ०७ यांवर पोरं तुटून पडायची. तबकड्या बहुतेक नकली असायच्या आणि त्या चालाव्यात म्हणून मशिनीत मॉड चिप डकवलेली असायची. ही सरळसरळ चोरी होती, ते लपवण्यात अर्थ नाही. त्या नकली तबकड्या वाचता वाचता लेन्स थकायची. आमच्या जिल्ह्यात घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याचा उन्हाळा आणि धूळ यांचीही त्यात भर पडायची.

लेन्सला वगळून खेळ सुरू करण्याची वाट मात्र सोनीनं स्वतःच ठेवली होती. जपानमधल्या पहिल्या मॉडेलांत डीव्हीडी प्लेअरचा प्रोग्रॅम मशिनीत नव्हता, मेमरी कार्डावर होता. त्यामुळे सुरू होताना कार्डावर यंत्रणेचं काही अपडेट आहे का हे तपासायचं, अशी सोय मशिनीच्या रॉममध्येच होती. २००३ साली ‘इंडिपेंडन्स’ नावाची युक्ती निघाली. जुन्या प्लेस्टेशनची तबकडी घातली की मशीन कार्डावरची एक यादी वाचायचं, त्या यादीतल्या गोंधळाचा फायदा घेऊन बाहेरचा प्रोग्रॅम चालायचा. जाड मॉडेलांपुरती ती उपयोगी होती, शिवाय तबकडी लागायचीच. २००८ साली नेमे आणि जिमिकेलकेल या टोपणनावांच्या दोघांनी फ्री मॅकबूट आणलं, तेव्हा तबकडीही सुटली. त्यांनी सोनीच्याच अपडेटच्या वाटेनं कार्डावरून आपला मेनू सुरू केला. सोल्डरिंग नाही, झाकण उघडणं नाही. सोनीनं ९०००० मालिकेच्या शेवटच्या मशिनींत ही वाट बंद केली. तोवर कोट्यवधी मशिनी घराघरांत पोचल्या होत्या.

फ्री मॅकबूटची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या फायली साध्या कॉपी-पेस्टनं दुसऱ्या कार्डावर गेल्या तर चालत नाहीत. मॅजिकगेट या सोनीच्या कुलुपामुळे मुख्य फाइल त्या त्या कार्डाशी बांधलेली असते. म्हणून चालू कार्ड लावून मशीन सुरू करायचं, पेन ड्राइव्हवरचा इन्स्टॉलर चालवायचा आणि दुसऱ्या खाचेतल्या कोऱ्या कार्डावर नवी प्रत तयार करायची, ही सर्वसाधारण रीत. शेजारून वाटीभर विरजण आणावं तसं हे कार्ड एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. बहुतेक कार्डांना एक आधीचं कार्ड असतं, त्यालाही त्याच्या आधीचं. मागे जात राहिलं तर कुठेतरी मॉड चिपची मशीन किंवा इंडिपेंडन्सची तबकडी सापडते. आमच्या जिल्ह्यात रेल्वे घाटाखालून जाते. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्याला स्टेशन नाही. घाटावर चिखली-मेहकरला कुठलीही वस्तू यायची ती एसटीतून, कुणाच्या तरी पिशवीतून. इंटरनेट रडतखडत चालणाऱ्या अशा भागाला हातोहात पसरणारं सॉफ्टवेअर सोयीचंच होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक तेवढं सांभाळावं लागायचं, कारण कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड अर्धवट राहतं.

२००९ साली ‘ओपन यूएसबी लोडर’ निघाला. मूळ इफ्कारो या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रॅमरचा. पुढे अनेकांचे हात लागून तो ओपीएल झाला. त्याचा सोर्स कोड खुला आहे. पेन ड्राइव्हवर डीव्हीडी, सीडी, एआरटी असे फोल्डर करायचे, खेळाची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या तबकडीची एका फाइलमधली नक्कल, योग्य फोल्डरात ठेवायची, की नाव यादीत दिसतं. अडचणी येतात त्या मशिनीच्या वयामुळे. पीएस टूचं यूएसबी १.१ जातीचं, सेकंदाला १२ मेगाबिट हीच त्याची कमाल. तबकडीचा वेग याच्या तिपटीहून जास्त. म्हणून खेळ नीट चालतो, पण मधल्या चित्रफिती अडखळतात. पेन ड्राइव्हच्या फॅट-३२ या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून मोठ्या खेळांचे १ जीबीचे तुकडे करावे लागायचे. फाइल ड्राइव्हवर सलग नसेल तर जुनी आवृत्ती खेळ सुरूच करत नसे. मग ड्राइव्ह फॉरमॅट करून सगळं एकेक करून पुन्हा भरायचं. १.२ च्या चाचणी आवृत्त्यांपासून मोठ्या फाइली मावणारं एक्सफॅट फॉरमॅट चालू लागलं आणि तुकड्यांची कटकट संपली. ज्यांनी तुकडे केले आहेत, त्यांना या एका सुधारणेचं मोल कळेल.

ओपीएल अपडेट करणं अवघड नाही, तरी पुष्कळ जण भीतीपोटी पंधरा वर्षांपूर्वीच्याच आवृत्तीवर थांबलेले आहेत. नवी ईएलएफ फाइल, म्हणजे ओपीएलचा प्रोग्रॅम, पेन ड्राइव्हवर घ्यायची, यूलाँच-ईएलएफ या फाइल मॅनेजरातून कार्डावर न्यायची. नाव आणि फोल्डर जुनाच ठेवला तर फ्री मॅकबूटच्या मेनूत काहीही बदलावं लागत नाही. जुनी फाइल आधी पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. नवी बिघडली तर तीच परत आणता येते. जुन्या सेटिंगच्या फाइलमुळे नवी आवृत्ती गडबडली तर ती सेटिंगची फाइल काढून टाकावी, ओपीएल नवी तयार करतं.

सोनीनं पीएस टूचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबवलं. लेन्सचे सुटे भाग दरवर्षी दुर्मीळ होत जाणार. चोरीच्या प्रतींसाठी लाँचर वापरला गेला हे खरं, पण विकत घेतलेला आपला खेळ मरणाऱ्या लेन्सपासून वाचवण्याचा सामान्य माणसाच्या हातातला मार्गही तोच आहे. घरात ‘हनुमान’ किंवा ‘स्ट्रीट क्रिकेट’ची मूळ तबकडी पडून असेल, तर तिची आयएसओ प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. मशीन भंगारात देण्याआधी कार्ड तपासा. आणि तुमचं कार्ड चालू असेल, तर मागायला येणाऱ्याला त्यानं आणलेल्या कोऱ्या कार्डावर एक प्रत करून द्या.